बाकी ओळखीचे

बामणोदच्या मळ्यात भरीत झालं पौषात.
पऱ्हाटीच्या जाळावर वांगी फुटेस्तोवर भाजली,
कळण्याच्या भाकरी, वर तेलाची धार,
आणि निघताना खिशात
फक्त राख लागलेला रुमाल.

चावी नाही.

चाळीस माणसांनी मोबाईलचे दिवे लावून
वांग्याच्या सऱ्या धुंडाळल्या.
कोणी म्हणालं, बडगीत पडली असंल,
ठेचून खाल्ली आपण.
सगळे हसले. मीही हसलो,
बंद गाडीला टेकून.

सकाळी शोरूमचा पोरगा जळगावहून गोड बोलला:
साडेचौदा हजार, वर टॅक्स,
तीन आठवडे, गाडी उचलून आणायचं भाडं निराळं.
'आणि सर, दुसरी चावी असेल
तर यातलं बरंच वाचेल.'

दुसरी चावी आहे.
सावद्याला आहे, फैजपूरपासून दोन कोसांवर,
खेमचंदच्या कपाटात, पासबुकांच्या डब्यात.
गाडी घेतली तेव्हा आम्ही एक होतो, चाव्या दोन.
मग मळ्याची वाटणी झाली,
विहिरीचे वार ठरले,
चावीचं बोलायचं राहून गेलं
आणि नंतर बोलायचंच राहिलं.

एक फोन. तोही फुकट.
मी भुसावळच्या मुनाफला लावला.

मुनाफ मोटरसायकलवर मळ्यात आला,
पत्र्याची पेटी, जुना लॅपटॉप,
गळ्यात दोरीला चष्मा.
दार इतक्या हलक्या हाताने उघडलं त्याने
की मला गाडीची जरा लाज वाटली.
नऊ हजार चारशे, म्हणाला.
मी म्हटलं, काय भो, एवढ्याशा लोखंडाचे?
'लोखंडाचे तीनशे.
घासायचे शंभर.
बाकी ओळखीचे.
पातं कोणीबी कापून देईल शेठ,
गाडीनं ओळखलं पाहिजे ना तुम्हाला.'

मग वायर जोडता जोडता, वर न बघता,
'दुसरी असेल तर आत्ताच आणा.
जी चावी समोर नसते
तिला गाडी विसरते.
सगळं पुसावं लागतं, मग नव्यानं शिकवायचं.'

मी म्हटलं, दुसरी नाही.

पडद्यावर पट्टी सरकत राहिली.
सव्वीस टक्के. एकोणसाठ.
मळ्यातला कुत्रा कालच्या राखेत अंग टाकून झोपलेला.
ब्याण्णववर बराच वेळ अडली,
तेव्हा थांबव म्हणता आलं असतं.
'फिरवा,' मुनाफ म्हणाला.

चारशे सोड म्हटलं. त्याने दीडशे सोडले.

आठव्या दिवशी फाटकाशी स्कूटी थांबली.
लोकेश, खेमचंदचा,
मिसरूड फुटलेला, दीड वर्षात वीतभर वाढलेला.
पिशवीत केळीचे वेफर, घरचे,
आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली चावी.
पूजेच्या दिवशी मीच बांधलेला लाल दोरा
तिला तसाच.
'पप्पा म्हणे, काकांची हरवली म्हणे.
म्हणे, लागते का बघ, मगच ये.'

त्या चावीने दार उघडलं.
आतला दिवाही लागला.
आत बसून फिरवली, तर काट्यांच्या खाली
चावीचं तांबडं चित्र मिचकत राहिलं,
कोण गावचे, कोणाकडे आलात,
विचारल्यासारखं.

पोरगा फाटकापाशी उभा,
कान इकडे.

मी खिशातली नवी काढली,
अंगाआड धरून लावली
आणि इंजिन जरा जास्तच रेटलं,
घरी जाऊन सांगता येईल एवढं.

'लागली,' ओरडलो. 'सांग त्याला.'

स्कूटी वळून केळीच्या बागांआड गेली
तरी मी गाडी चालूच ठेवली,
मांडीवर लाल दोरा.
ते पेट्रोल कितीचं
हिशेबात धरलेलं नाही.